पूररेषेच्या आत कोण?

जुलै 2022 मध्ये आसना नदीला पूर आला आणि हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा गावात पाणी शिरले. असा पूर ओसरला की गावोगाव एकच मागणी उठते: नदीला भिंत बांधा. मागणी स्वाभाविक आहे. परंतु भिंत कोठून न्यायची हे ज्या बैठकीत ठरते, तेथे पाण्याला सर्वात जवळ राहणारी माणसे बहुधा नसतात. म्हणून स्थापत्यशास्त्रातल्या चार गोष्टी आपल्या कार्यकर्त्यांनीही समजून घेतल्या पाहिजेत.

भिंत पाणी कमी करीत नाही, त्याची वाट अरुंद करते. पात्र आवळले की पातळी चढते आणि समोरचा काठ बुडतो. शिवाय गावात पडलेला पाऊस भिंतीच्या आत कोंडतो. त्यासाठी नाल्याच्या तोंडाशी फक्त नदीकडे उघडणारी झडप बसवावी लागते. नदी चढलेली असताना ती मिटलेलीच राहते, म्हणून पंपही लागतो. झडपेत काटक्या आणि गाळ अडकला तर नदी नाल्यातून उलटी आत येते. ठेकेदाराचे बिल निघाल्यावर ती झडप दरवर्षी कोण साफ करणार? (बहुधा आमच्याच वस्तीतला कोणी, आणि तोही रोजंदारीवर.)

खोलीकरणाचा लाभ मोठा आहे. रुंद पात्रात पाण्याची खोली दीडपट झाली, तर वाहून जाणारे पाणी जवळजवळ दुप्पट होते. पण गावापुरतेच खोदले आणि खालचा उतार व पुलाची मोरी तशीच ठेवली, तर तो नुसता खड्डा होतो आणि गाळाने भरतो.

उरले धरण. येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे पूर्णेवर आहेत. आसनेचा पूर ती अडवू शकत नाहीत. आणि पूर अडवायचा तर धरणात जागा रिकामी हवी, सिंचनाला ते भरलेले हवे. हा पेच सोडवायला पूर्ण खोऱ्याचा विचार लागतो. 8 नोव्हेंबर 1945 रोजी कटकच्या परिषदेत बाबासाहेबांनी, व्हाइसरॉयच्या मंडळातील मजूर खात्याचे सदस्य म्हणून, पुराचे पाणी लवकरात लवकर समुद्रात घालवण्याची जुनी दृष्टी चूक ठरवली आणि ते साठवून सिंचन, वीज, जलवाहतूक अशा अनेक कामांना लावण्याचा मार्ग मांडला. आपल्याकडे विचार वेशीपाशीच थांबतो.

आता खरा मुद्दा. यांतला कोणता उपाय परवडतो हे लाभ आणि खर्च यांच्या गुणोत्तरावर ठरते. लाभ म्हणजे टळलेले नुकसान, आणि नुकसान मोजतात रुपयांत. बाजारपेठेतले एक दुकान वाचले तर लाखोंचा लाभ. पत्र्याचे घर, भांडी आणि दोन शेळ्या वाचल्या तर काही हजारांचा. मराठवाड्यात पुष्कळ गावी दलित वस्ती सखल, नाल्याच्या अंगाला आहे. ती जागा आम्ही निवडलेली नव्हती. भिंत दुकानांच्या मागून वळवली तर गुणोत्तर सुधारते, आणि वस्ती नदीच्या बाजूला राहते. यात कोणा अभियंत्याचा द्वेष असावा लागत नाही. गणितच तसे मांडलेले असते.

पूररेषेचेही तसेच. महाराष्ट्रात निळी रेषा साधारणपणे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध. ‘25 वर्षांतून एकदा’ याचा अर्थ दरवर्षी शंभरात 4 इतकी शक्यता; म्हणजे 30 वर्षे उभ्या राहिलेल्या घराला तसा पूर एकदा तरी गाठण्याची शक्यता शंभरात सुमारे 70. रेषा खोटी नाही. पण ज्याच्या हाती पट्टा नाही त्याला ती रेषा संरक्षण देत नाही. ती त्याला अतिक्रमणदार ठरवते.

तेव्हा मागणी नेमकी हवी: लाल रेषेच्या वर, शक्य तेथे गायरानावर, पट्ट्यासह घराची जागा, आणि तिची रक्कम भिंतीच्याच अंदाजपत्रकात. ‘पुनर्वसन स्वतंत्र प्रस्तावाने’ असे तेथे लिहिलेले आढळले, तर तो प्रस्ताव कोणत्या तारखेला कोणाकडे गेला, हे ग्रामसभेच्या इतिवृत्तात त्याच बैठकीत नोंदवून घ्यावे.