संगणकासाठी दूरचित्रवाणी संचाची निवड

दूरचित्रवाणी संच दुरून चित्र पाहण्यासाठी घडविलेला असतो. संगणकाच्या पडद्यावर मात्र जवळून अक्षरे वाचावयाची असतात. म्हणून एकच संच दोन्ही कामांस लावताना तीन गोष्टी तपासणे इष्ट होय.

पहिली, बिंदूंची दाटी. ३८४० × २१६० बिंदूंच्या ४३ इंची पडद्यावर दर इंचास सुमारे १०२ बिंदू येतात. ५५ इंची पडद्यावर ८०च. तेथे जवळून अक्षरांच्या कडा खरखरीत दिसतात.

दुसरी, रंगाची माहिती. चलच्चित्रांत ती बहुधा चार बिंदूंना मिळून एकच असते. रंगाचे बारकावे डोळ्यास कमी जाणवत असल्याने चित्र बिघडत नाही. परंतु काळ्या भूमीवरील तांबडी अक्षरे पुसट होतात. तेव्हा संच प्रत्येक बिंदूचा रंग स्वतंत्रपणे दाखवितो, म्हणजे ‘४:४:४’ संकेत स्वीकारतो, याची खात्री करावी.

तिसरी, विलंब. चित्र सुधारण्यासाठी संच काही चित्रे क्षणभर रोखून धरतो. सेकंदास ६० चित्रांच्या गतीने तीन चित्रे थांबली, तर सेकंदाचा विसावा भाग जातो आणि खेळणाऱ्याचा नेम चुकतो. ‘गेम मोड’मुळे हा विलंब पुष्कळ घटतो.

खरेदीपूर्वी संगणक जोडून तांबडी अक्षरे वाचावी व माऊसचा बाण हलवून पाहावा. दुकानातील झगझगीत चित्रापेक्षा ही परीक्षा अधिक विश्वसनीय होय.