चमक मंदावली की सावध व्हा

चिखलीच्या बाजारात दुकानदार पाचशेची नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो आणि नोटेवरचा क्रमांक, कागदातले बारीक तंतू झळकतात. न दिसणारे अतिनील किरण शोषून दिसणारा उजेड बाहेर टाकण्याच्या या गुणाला प्रतिदीप्ती म्हणतात. असा गुण असलेल्या पॉलिमरवर स्फोटकं हुंगणारी काही उपकरणं चालतात. त्यांच्याबद्दलचे काही समज दुरुस्त करायला हवेत.

गैरसमज : स्फोटक सापडलं की यंत्रातली पॉलिमरची पट्टी चमकते.
वस्तुस्थिती : घडतं ते नेमकं उलट. पट्टी आधीपासूनच चमकत असते. टीएनटी या स्फोटकाच्या रेणूला इलेक्ट्रॉनची ओढ असते. तो पट्टीवर बसला की चमक मंदावते. पॉलिमरच्या लांब साखळीतून ऊर्जा फिरत असते, त्यामुळे वाटेत एक रेणू बसला तरी पुष्कळ भाग विझतो. दिवाळीच्या माळेतला एक दिवा गेला की ओळच्या ओळ बंद पडते, तसंच हे. अमेरिकेतल्या एमआयटीत टिमोथी स्वेगर यांनी 1998 मध्ये असे पॉलिमर दाखवले. पुढे त्यांवरून ‘फिडो’ हे उपकरण निघालं.

गैरसमज : हे यंत्र बॅगेच्या आरपार पाहतं.
वस्तुस्थिती : ते काम क्ष-किरणांचं. इथे स्फोटकाची वाफ किंवा कण पट्टीपर्यंत पोचावाच लागतो. पॉलिमरचा थर घट्ट बसला तर वाफ आत शिरत नाही. म्हणून सच्छिद्र सिलिका किंवा अतिसूक्ष्म तंतूंशी त्याची सांगड घालून संमिश्र पदार्थ करतात.

गैरसमज : एक पट्टी सगळी स्फोटकं ओळखते.
वस्तुस्थिती : 1993 च्या मुंबई स्फोटांत वापरलेल्या आरडीएक्सची वाफ अत्यल्प असते. आपल्याकडे विहिरीच्या सुरुंगात मुख्यतः अमोनियम नायट्रेट असतं. त्याची रचना टीएनटीहून वेगळी, म्हणून चाचणीही वेगळी लागते. श्वानपथकाची गरज त्यामुळेच संपलेली नाही.

गैरसमज : हे सारं संशोधन परदेशातच होतं.
वस्तुस्थिती : पुण्याच्या एचईएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसह ‘रेडर-एक्स’ हे उपकरण विकसित केलं; 2019 मध्ये ते पुण्यात सादर झालं. ते पॉलिमरवर चालत नाही, दुरूनच स्फोटक ओळखतं. आयआयटी मुंबईत रुजलेल्या कंपनीचा ‘नॅनोस्निफर’ 2021 मध्ये आला. त्याचं तंत्र आणखी निराळं.

कुठलंही एक उपकरण पुरेसं नसतं, हे ध्यानात ठेवायला हवं. बसस्थानकावर बेवारस पिशवी दिसली तर हात लावू नका, लांब व्हा, इतरांनाही लांब करा आणि 112 वर कळवा.