बेने इस्राएल समाजातील आहारनियम : पशुवधाचा विधी आणि कोकणातील आचार

प्रस्तावना :

कोकण किनाऱ्यावर शतकानुशतके वास्तव्य केलेल्या बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी होय. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून हे लोक 'शनिवार तेली' या नावाने ओळखले जात. अलिबागजवळील नवगाव येथे जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश चालू झाला, अशी या समाजाची धारणा आहे. धर्मग्रंथ हरपले, हिब्रू विस्मरणात गेली. तथापि सुंता, शनिवारची विश्रांती आणि आहाराची काही बंधने मात्र टिकली. ग्रंथाविना नियम कसा टिकतो, हा प्रश्न म्हणूनच अभ्यसनीय ठरतो.

वधाचा विधी :

ज्यू धर्मशास्त्रानुसार रवंथ करणारा व दुभंगलेल्या खुराचा पशूच भक्ष्य मानला जातो. त्याचा वध 'शेहिता' पद्धतीने व्हावा लागतो. विशेष असे की, तोरामध्ये या पद्धतीचे तपशीलवार वर्णन नाही. अनुवाद या ग्रंथाच्या 12 व्या अध्यायात आज्ञेप्रमाणे वध करण्याचा केवळ उल्लेख येतो; तपशील मौखिक परंपरेतून आला आणि पुढे ताल्मूदच्या 'हुल्लिन' प्रकरणात ग्रथित झाला. म्हणजे ग्रंथनिष्ठ समजल्या जाणाऱ्या समाजातही हा विधी मुळात गुरुशिष्यपरंपरेचाच आहे.

वध करणारा 'शोहेत' हा प्रशिक्षित व आचारशील असावा लागतो. सुरीच्या धारेला तिळमात्रही खाच चालत नाही. म्हणून ती नखावरून फिरवून तपासतात. पशूची श्वासनलिका व अन्ननलिका यांचा बहुतांश भाग छेदला जावा, पक्ष्याच्या बाबतीत दोहोंपैकी एक पुरेशी, असा नियम आहे. हात मध्येच थांबणे, सुरी दाबणे, ती झाकली जाणे, विहित जागा सोडून छेद जाणे किंवा नलिका तुटून निघणे, यांपैकी एकही दोष घडल्यास मांस निषिद्ध ठरते. वधानंतर फुप्फुसांची तपासणी होते. रक्तसेवन वर्ज्य असल्याने मांस पाण्यात भिजवून, मीठ लावून, पुन्हा धुतले जाते. या सर्व काटेकोरपणाचा उलगडा केवळ भूतदयेने किंवा केवळ आरोग्यदृष्टीने करण्याची प्रवृत्ती आढळते. ती अपुरी वाटते. जीव घेण्याची मुभा आहे, पण ती बिनशर्त नाही, ही भूमिका यामागे अधिक स्पष्टपणे दिसते.

कोकणातील आचार :

मासळीला शेहिता लागत नाही. पर आणि खवले असणे एवढीच अट आहे. त्यामुळे पापलेट, बांगडा, रावस चालतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मुशी, शिंगाळा चालत नाहीत. समाजाच्या परंपरेत दाविद राहबी नावाच्या ज्यू प्रवाशाची कथा सांगितली जाते. त्याने येथील स्त्रियांना मिश्र मासळी रांधावयास दिली असता त्यांनी बिनखवल्याची मासळी वेगळी काढली, आणि त्यावरून त्याने हे लोक ज्यू असल्याचे ओळखले. राहबीच्या काळाविषयी अभ्यासकांत मोठे मतभेद आहेत. परंतु ओळखीची खूण ग्रंथात न शोधता चुलीपाशी शोधली गेली, हे या कथेचे मर्म होय. राहबीने झिराडकर, शापूरकर व राजपूरकर या घराण्यांतील तिघांना शिक्षण दिले आणि त्यांच्यापासून काजींची परंपरा सुरू झाली, असेही सांगितले जाते.

मांस व दूध एकत्र न करण्याचा नियम कोकणात सुलभ झाला, कारण रश्शाला नारळाचे दूध होतेच. शेजारच्या हिंदू स्वयंपाकातील पदार्थ येथे शास्त्राच्या आड न येता साहाय्यभूत ठरला. अनेक बेने इस्राएल कुटुंबांनी गोमांसही वर्ज्य केले. ते शास्त्राने नव्हे, तर शेजारधर्माने.

ओळखीचा प्रश्न :

1948 नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएलमध्ये स्थलांतरित झाले. तेथे 1960 नंतरच्या काही वर्षांत विवाहाच्या संदर्भात त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेण्यात आली. आंदोलनानंतर 1964 मध्ये तेथील संसदेने त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता दिली. मूळ वाद विवाह व घटस्फोटाच्या नियमांचा होता. पिढ्यान् पिढ्या पाळलेल्या आहारनियमांनी तो मिटला नाही, हे लक्षणीय आहे.

भारतात 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे 28 वे कलम धर्मविहित पद्धतीने केलेल्या वधास त्या कायद्याखालील अपराधातून वगळते. कायद्याची अडचण येथे नाही. अडचण आहे ती माणसांची. आज भारतातील ज्यूंची संख्या पाच हजारांच्या आत आहे. जेथे शोहेत नाही, तेथे नियमनिष्ठ कुटुंबापुढे मांस सोडणे किंवा मासळीवर भागवणे एवढाच पर्याय उरतो.