चूक टाकसाळीची की हातोडीची?

संपादकांनी या विषयामागे धाडलं ते एका व्हिडिओमुळे. वैष्णोदेवीची प्रतिमा असलेलं पाच रुपयांचं नाणं घरात असेल तर दहा लाख मिळतील, असं त्यात एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते. हे नाणं श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२ साली निघालं, रीतसर चलनात आलं आणि आजही वाणी ते पाच रुपयांनाच घेतो. त्यात चूक अशी काहीच नाही. तरी त्या व्हिडिओनंतर चोपड्यात डबे उपसले गेले, देव्हाऱ्यातल्या वाट्या रिकाम्या झाल्या, असं कानावर आलं. खरी चुकलेली नाणी कशी असतात ते लिहा, असा निरोप मिळाला.

चोपडा हे सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेला वसलेलं केळी-कापसाचं तालुक्याचं गाव. इथे टाकसाळ नाही. पण जन्मभर चिल्लर हाताळलेली माणसं आहेत, आणि एसटीच्या कंडक्टरइतकी चिल्लर दुसऱ्या कुणाच्या हातून जात असेल असं वाटत नाही. ज्यांच्याकडे मी गेलो ते आप्पा असेच निवृत्त कंडक्टर. नाव छापायचं नाही, एवढी त्यांची अट. शिरपूर, यावल, अमळनेरच्या फेऱ्यांत चामडी पिशवीत आलेलं एखादं विचित्र नाणं ते लक्षात ठेवत आणि डेपोत भरणा करताना खिशातला रुपया टाकून बदलून घेत. ‘हाई चालत नही, भाऊ,’ म्हणून दुकानदारानं परत केलेली नाणीही लोक त्यांना आणून देत.

आप्पांकडे खऱ्या चुका फार थोड्या आहेत. पेटी भरली आहे ती फसव्या नाण्यांनी, आणि ती त्यांनी मुद्दाम जपली आहेत. मला त्यांचं हेच आवडलं. खोटं पाहिल्याशिवाय खऱ्यावर नजर बसत नाही, असं ते म्हणतात. नाणं हातात आलं की त्यांचा एकच प्रश्न असतो: हे यंत्रात कुठे बिघडलं?

त्यासाठी यंत्र माहीत हवं. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुतात, मग चकतीचा काठ दाबून किंचित उभा करतात. शेवटी छाप. खाली एक ठसा, वर दुसरा आणि भोवती पोलादी कडं. चकती कड्यात बसते, ठसे टनावारी दाबानं भिडतात, धातू ठशाच्या खोलगट भागांत शिरतो आणि कडं त्याला बाहेर पसरू देत नाही. काठावरच्या खाचाही या कड्याच्याच. हे सगळं मिनिटाला शेकडो वेळा चालतं. कडं जागेवर नसेल तर नाणं पसरट होतं, काठ सपाट राहतो. चकती सरकली तर छाप एका बाजूला जातो आणि दुसरीकडे कोरी चंद्रकोर उरते.

या साऱ्यात मी अडकलो तो एका रुपयावर. एका बाजूला अशोकस्तंभ नेहमीसारखा उठावाचा. नाणं उलटलं तर मागेही अशोकस्तंभच, पण आत खचलेला, आणि ‘भारत’ आरशात वाचावं तसं उलटं. घडतं ते असं. आधीचं नाणं छापून झाल्यावर बाहेर न पडता आकड्याच्या ठशाला चिकटून बसतं. पुढची चकती येते. तिच्या एका अंगाला स्तंभाचा ठसा भेटतो, दुसऱ्या अंगाला ठशाऐवजी ते चिकटलेलं नाणं. त्या नाण्याचा दर्शनी भाग तिच्यात दाबला जातो, म्हणून खोल आणि उलटा. यातलं पहिलं नाणं सर्वांत स्वच्छ. चिकटलेलं नाणं तसंच राहिलं, तर ते दर ठोक्याला पसरत ठशावर टोपीसारखं चढतं आणि पुढच्या चकत्यांवरची प्रतिमा मोठी, पुसट होत जाते. म्हणजे असं नाणं पाहून ते मालिकेत लवकरचं की उशिराचं, हेही सांगता येतं. टाकसाळीच्या बंद दाराआड घडलेले काही क्षण एका रुपयावर इतके वाचता यावेत, याचं मला अजून नवल वाटतं.

पेटीतच त्याचा तोतयाही होता. कुणीतरी दोन नाणी एकावर एक ठेवून शेगड्यात आवळलेली. उलटी खोल प्रतिमा त्यावरही आहे. पण शेगड्याच्या जबड्याकडची बाजू चेपली आहे, अक्षरांचे माथे सपाट झाले आहेत आणि मूळचा आकडा खोल प्रतिमेखालून डोकावतो. टाकसाळीत चिकटलेल्या नाण्यामुळे चकतीला आकड्याचा ठसा भेटतच नाही, मग आकडा येईल कुठून?

चावा घेतल्यासारख्या दिसणाऱ्या नाण्याचंही तसंच. पट्टी नीट सरकली नाही, तर कापणी आधीच्या भोकावर चढते आणि चकतीचा तुकडा कमी पडतो. अशा चकतीचा काठ उभा करताना चाव्याच्या जागी दाब मिळत नाही, म्हणून त्याच्या बरोबर समोरचा काठही कच्चा राहतो. कानस घेऊन बसणाऱ्याला हे ठाऊक नसतं. त्याच्या नाण्यावर समोरचा काठ ठणठणीत असतो.

दुसरी सोपी कसोटी रेघेची. ठशाला तडा गेला तर धातू तड्यात शिरतो आणि नाण्यावर रेघ उठावाची येते. खिळ्यानं, दगडानं ओढलेली रेघ खोल असते. भारतीय नाणं पुस्तकाचं पान उलटावं तसं उलटलं की दुसरी बाजूही सरळच दिसायला हवी. ती तिरकी किंवा पालथी आली, तर ठसा बसवताना फिरला होता. दहाच्या नाण्यातला गाभा ठोकून काढणारेही आहेत. यंत्रात गाभा सरकला असेल, तर नक्षी दोन्ही धातूंवरून अखंड जाते. ठोकून काढलेल्या गाभ्यावर ती सांध्याशी कापल्यासारखी तुटते.

मुंबईच्या टाकसाळीचा इतिहास कुठेही वाचायला मिळतो. फोर्टातली इमारत कॅप्टन जॉन हॉकिन्सनं उभी केली, १८२९ साली काम पुरं झालं. आज मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चारही टाकसाळी २००६ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी महामंडळाकडे आहेत. संग्राहकाच्या कामाची आहे ती सालाखालची खूण. मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूणच नसते. ‘खूण राहून गेलेलं दुर्मीळ नाणं’ म्हणून जे विकायला येतं, ते बहुधा कोलकात्याचं साधं नाणं असतं.

शिवराईचाही असाच घोळ. तिच्यावरची अक्षरं अर्धी तुटलेली पाहून लोक चूक समजतात. ती हातानं ठोकलेली. ठसा चकतीहून मोठा असायचा, सगळी अक्षरं मावणं हाच अपवाद. आणि १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या गळ्यातल्या साखळीवरचा हत्ती डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणं मागे घेऊन पुढच्या वर्षी चित्र सुधारलं. ती चूक चितारणाऱ्याची. यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं. उलट ब्रिटनमध्ये २००८ साली वीस पेन्सच्या नाण्याला जुन्या-नव्या ठशांची जोडी लागली आणि साल दोन्हीकडून गायब झालं, ही खरी टाकसाळीची चूक.

आता अडचणी. खरं नाणं सापडलं तरी ते खरं हे सांगायचं कुणी? अमेरिकेत नाणं तपासून, दर्जा ठरवून सीलबंद डबीत देणाऱ्या कंपन्या १९८० च्या दशकातच उभ्या राहिल्या. तिथे पाठवायचं तर खर्च नाण्याच्या किमतीवर जातो. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, पण तिचा जीव प्राचीन आणि मध्ययुगीन नाण्यांत. चोपड्याच्या माणसाला उरतो तो व्यापाऱ्याचा शब्द, आणि विकत घेणाराच पारख करणार असेल तर विकणाऱ्याचं काय होणार ते सराफ बाजार पाहिलेल्या खानदेशी माणसाला सांगायला नको.

तोतये बनवायला खर्चही नाही. शेगडा, हातोडी, कानस, आम्ल एवढ्यावर भागतं. आम्लात बुडवून पातळ केलेलं नाणं ‘चुकीच्या चकतीवरचं’ म्हणून खपवतात. २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅमचा आणि दहाचं नाणं ७.७१ ग्रॅमचं, हे माहीत असलं तरी सोनाराच्या काट्याशिवाय उपयोग नाही. नाणं वितळवायला किंवा नष्ट करायला २०११ च्या नाणे कायद्यानं बंदी आहे, पण घरात बसून चेपलेल्या रुपयापर्यंत कायदा कधी पोचणार?

भाजीवाल्याकडे क्यूआर कोड लागल्यापासून चिल्लर हातातून जाणंच कमी झालं. आप्पांसारखी नजर हजारो नाणी हाताळूनच येते. आजच्या पोरांना मोबाइलवरचे फोटो मिळतात, आणि फोटोत काठ दिसत नाही, वजन कळत नाही.

सर्वांत वाईट फसवणूक नाण्याशिवायच होते. नाणं विकत घेतो म्हणणारा आधी नोंदणी, कर, कमिशन म्हणून पैसे मागतो आणि रिझर्व्ह बँकेचं नाव पुढे करतो. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं की अशा व्यवहारांत ती नाही आणि असे पैसे ती घेत नाही.

तेव्हा वाचकांना एवढंच सांगतो. नाणं वेगळं वाटलं तर चिंचेनं धुऊ नका, राखेनं घासू नका; मूळची झळाळी गेली की किंमतही जाते. सोनाराकडे वजन करून घ्या, भिंगातून काठ पाहा, चूक यंत्राच्या कोणत्या पायरीवर झाली ते स्वतःला सांगता येतंय का बघा. येत नसेल तर ते नाणं त्याच्या छापील किमतीला वाण्याकडे चालवा. आणि विकण्यासाठी आधी पैसे भरा म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवून द्या.