सत्तरीचं कार्ड आणि वरचा विमा

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडच्या निवृत्तांनी आधी सरकारी आधार पाहावा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. मात्र घरात दोघे ज्येष्ठ असले तर रक्कम दोघांत मिळून. नोंदणी आयुष्मान ॲपवर, आधारच्या ई-केवायसीने. खासगी पॉलिसी असली तरी कार्ड चालतं. केंद्र सरकारच्या सीजीएचएसवाल्यांना किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएसवाल्यांना मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं. ओपीडी आणि रोजच्या गोळ्या यात नाहीत, आणि रुग्णालय योजनेच्या यादीत हवं. पनवेल-मुंबई गाठण्यापूर्वी ते विचारून घ्यावं.

त्यावर पूरक विमा घेताना खरी गोम वजावटीत, म्हणजे विमा लागू होण्याआधी भागवायच्या रकमेत आहे. समजा, वजावट ५ लाख आणि वर्षात दोनदा दाखल झालात: बिलं ३ आणि ४ लाखांची. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजतो, म्हणून छदामही देत नाही. सुपर टॉप-अप बेरीज धरतो, २ लाख देतो. माझं मत विचाराल तर सुपर टॉप-अपच घ्यावा. जुना मधुमेह, रक्तदाब अर्जात लपवू नये. त्यांच्या उपचारांना विमा लागू होण्याची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३ वर्षं आहे.