सवलत आणि संशोधन

मुंबई-पुण्याबाहेरही उद्योग वाढावेत, या हेतूने महाराष्ट्र शासनाने १९६४ साली सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली. औद्योगिक प्रगतीनुसार तालुक्यांचे गट पाडले गेले. ‘अ’ गट प्रगत, तर ‘ड’ आणि ‘ड+’ गट मागे राहिलेले. तालुका जितका मागास, तितकी सवलत अधिक. हे धोरण आवश्यकच होते. तथापि सवलत मोजली जाते ती मुख्यतः जमीन, इमारत व यंत्रे यांतील गुंतवणुकीवर. त्या भूमीचा कोणता प्रश्न सुटला, याची नोंद त्या हिशेबात होत नाही.

या दृष्टीने खानदेशाचा अनुभव मननीय आहे. वाकोदच्या शेतकरी कुटुंबातील भवरलालजी जैन यांनी १९६३ साली घरच्या सात हजार रुपयांच्या बचतीवर जळगावात रॉकेलचा व्यापार आरंभिला. शेतीस लागणाऱ्या वस्तूंच्या विक्रीतून शेतकऱ्याची गरज त्यांना उमगत गेली. १९७८ साली केळीच्या भुकटीचा आजारी कारखाना तीस लाख रुपयांस घेऊन त्यांनी तेथे पपईच्या चिकापासून पपेन तयार केले. पुढे पीव्हीसी नळ्या आणि त्यानंतर ठिबक सिंचन आले.

ठिबकचे तंत्र परदेशातील. परंतु ते येथील लहान शेताला जुळवून घेण्याचे काम जळगावात झाले. १९८०च्या दशकापासून शासनाने ठिबकसाठी शेतकऱ्यास अनुदान दिले. मदत नवे तंत्र वापरणाऱ्याच्या हाती पडली, म्हणून त्या तंत्राला बाजारपेठ लाभली. धोरणकर्त्यांनी घ्यावयाचा बोध हाच आहे.

आपल्यासाठीही त्यात बोध आहे. तालुक्याच्या गावी असलेल्या आपल्या पेढ्यांना कोणता माल सडतो, कोणते यंत्र वारंवार बिघडते, उधारी कोठे अडते, हे ठाऊक असते. हे ज्ञान कोणत्याही सरकारी अहवालाहून ताजे असते. मात्र आपली शिकलेली मुले पुण्या-बंगळुरूस जातात आणि पेढीबरोबर हे ज्ञानही मिटते. राज्याचे २०१८चे स्टार्टअप धोरण कागदावर सर्व जिल्ह्यांसाठी खुले होते. परंतु अर्ज करणारा तरुण गावात उरला तरच अशा धोरणाचा उपयोग.

आहार, औषध, अभय आणि ज्ञान या चार दानांपैकी पहिली दोन आपला समाज मुक्तहस्ते करतो. स्थानिक महाविद्यालयातील एखाद्या प्रयोगास वर्षभर आधार देणे, नव्या यंत्राची पहिली चाचणी आपल्या गोदामात होऊ देणे, हेही ज्ञानदानच होय. असा प्रयोग फसला तरी त्यातून मिळालेले ज्ञान गावातच राहते. सवलतीची मुदत संपते. ज्ञानाची संपत नाही.