तांबड्या दिव्याचे अर्थ

बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतील यंत्रांवर इवलासा तांबडा दिवा लुकलुकत असतो. प्रकाश देणारा पहिला व्यवहार्य डायोड १९६२ साली निक होलोन्याक यांनी अमेरिकेत घडवला, तोही तांबडाच होता.

दृश्य किरणांत तांबड्याची तरंगलांबी सर्वांत अधिक असते. हवेत तो कमी विखुरतो. एवढे निसर्गाचे देणे. अर्थ माणसाने जोडले. रेल्वेच्या खांबावर हा दिवा धोका सांगतो. आकाशवाणीच्या स्टुडिओबाहेर तो शांतता मागतो. छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलीत तो अभय देतो, कारण कृष्णधवल छपाईच्या कागदाला त्याची बाधा होत नाही.

सरकारी मोटारीवर चढताच मात्र तो सत्तेचे चिन्ह बनला. 'लाल दिवा मिळाला' म्हणजे मंत्रिपद लाभले, असा मराठीत वाक्प्रचारच रूढ झाला. इतरांना थांबवणारा दिवा त्या मोटारीला वाट मोकळी करून देऊ लागला. केंद्र सरकारच्या निर्णयाने १ मे २०१७ पासून तो मोटारींवरून उतरला.

चौकातला दिवा कायम आहे. त्याच्यापुढे रुग्णवाहिकेला वाट द्यावयाची ती रुग्णाच्या निकडीसाठी, कोणाच्या मानासाठी नव्हे. हा भेद मनात ठसला, तरच उतरवलेला दिवा खऱ्या अर्थाने उतरला असे म्हणता येईल.